परसातला खड्डा भरून टाकावा का?

तुम्ही विचारलंय की घरामागच्या बागेत मधोमध एक खोलगट, बेढब जागा आहे, दोन-तीन फूट खोल. पावसात तिथे पाणी साचतं, एरवी पालापाचोळा. भराव टाकून सपाट करायचं मनात आहे, पण दुसरं काही करता येईल का?

येईल. आणि भराव टाकू नका. याच गोष्टीवरून आमच्या घरात कितीतरी वर्षं वाद चाललाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर रत्नागिरी तालुक्यात, सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराच्या, उतरणीला. मामंजींनी ते १९६८ साली बांधलं. चिरे विकत घेऊन गाडीने आणायची ऐपत तेव्हा फार थोड्यांची. बाकीचे आपल्याच जागेत चिरे काढायचे. वरचं कडक कवच फोडायचं आणि खालचा जांभा टिकावाने तासून चौकोनी चिरे सोडवायचे. जांभा जमिनीत असतो तोवर ओलसर, मऊ असतो. वारा-ऊन लागलं की कडक होत जातो. आमच्या भिंतींतले बरेचसे चिरे मागीलदारीच निघालेत. ते घरात गेले आणि मागे खड्डा राहिला. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, विहिरीकडे गुडघाभर आणि गडग्याकडे, म्हणजे दगडी कुंपणाकडे, कंबरेच्याही वर.

लोकांना तो नुसता खड्डा दिसतो. मला त्यात काम दिसतं. उन्हं कलली की गडग्याकडच्या भिंतीवर टिकावाचे घाव अजून उठून दिसतात, एकाखाली एक, तिरके, बोटभर अंतर सोडून. एका कोपऱ्यात ते उलट्या बाजूला तिरके आहेत, तिथे काम करणारा गडी डावखुरा असणार. चिऱ्यांचे थर जसजसे निघाले तशा कडेला आपोआप पायऱ्या पडल्यात. पाऊस लागला की आधी त्या घावांमध्ये शेवाळ धरतं, मग नेचे येतात आणि श्रावणात सगळी भिंत तेरड्याने गुलाबी होते. आमच्याकडे तेरड्याची गौर असते. तो तेरडा दरवर्षी याच खड्ड्यातून येतो, आणि तो काढायला उतरतात ते आमचे धाकटे भाऊजी. खड्डा बुजवायचा म्हणून सगळ्यात जास्त मागे लागलेले तेच.

भाऊजी डोंबिवलीला असतात, गणपतीला आणि मे महिन्यात येतात. आले की पहिल्या चहाबरोबर विषय निघतो. "वहिनी, या खड्ड्याने घराची शोभा जाते. भरून टाकू, वर पेव्हर ब्लॉक घालू, दोन गाड्या आरामात राहतील." गाड्या उभ्या राहणार वर्षातले थोडे दिवस आणि त्यासाठी जमीन बुजवायची बारा महिन्यांची. हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

एकदा ते वास्तुशास्त्र सांगणाऱ्या एका गृहस्थांना घेऊन आले. त्यांनी होकायंत्र धरून सांगितलं की खड्डा नैऋत्येला आहे, नैऋत्य जड आणि उंच हवी, नाहीतर घरातल्या कर्त्या पुरुषाला धोका. मामंजी तेव्हा ऐंशीच्या पुढे होते आणि झोपाळ्यावर बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, "खाण काढली तेव्हा मी तिशीत होतो. कर्ता पुरुष मीच." त्या दिवशी विषय तिथेच थांबला. ज्याला वास्तू मानायची त्याने मानावी, माझं काही म्हणणं नाही. पण पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे न बघता नुसत्या दिशेवरून जमिनीचा निकाल लावणं चूक आहे.

आता पाण्याचा हिशोब. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांचं छप्पर धरलं तरी त्यावर हंगामात पावणेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी पडतं. ते पागोळ्यांतून खाली येतं आणि त्याला कुठेतरी जायचंच असतं. आमच्या खड्ड्यात एका वेळी पंचवीस हजार लिटर मावतं. तो भरतो, जिरवतो, पुन्हा भरतो, असं चार महिने चालतं. हा खड्डा बुजवला की तेवढं पाणी नाहीसं होत नाही, ते घराच्या जोत्याकडे वळतं. आमच्याच वाडीत एका घरी परसातली अशीच जुनी खाण भरून वर काँक्रीट केलं. पुढच्या आषाढात स्वयंपाकघरात जमिनीतून उपळ फुटली. कोबा काळा पडला, तांदळाचं पिंप पाटावर चढवावं लागलं. शेवटी घराभोवती चर खणून पाणी बाहेर काढलं, त्याचा खर्च भरावापेक्षा जास्त. शिवाय खड्ड्याच्या काठावरचा त्यांचा फणस गेला. भराव टाकताना बुंध्याभोवती हातभर माती चढवली होती. बुंधा असा गाडला की साल कुजते, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड दोन-तीन वर्षांत वरून वाळत येतं. भरावाचा खर्च सांगणारे हे कधीच सांगत नाहीत.

तुमच्या खड्ड्याचा हिशोबही असाच करून बघा. लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, शंभर घनफुटांचा एक ब्रास. आमच्याकडे नऊ ब्रास येतात, पण माती बसते म्हणून बारा धरावे लागतील. एवढी चांगली माती कोण देतो? डंपरवाला आणतो तो राडारोडा : विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, फुटक्या फरशा, प्लॅस्टिक. आमची जांभ्याची माती आम्लधर्मी, झाडं तिला सरावलेली. त्यात सिमेंटचा चुरा गेला की मातीचा स्वभावच बदलतो. वर चार इंच लाल माती पसरून लॉन लावलं तरी पुढच्या पावसाळ्यात ते खचतं आणि जागोजागी पुन्हा डबकी होतात. म्हणजे एक खड्डा बुजवून दहा करायचे.

आम्ही काय केलं ते सांगते. यांनी आणि मी आधी एक अख्खा पावसाळा काही न करता नुसतं बघितलं. पाणी कुठल्या बाजूने आत येतं, कुठे पोचलं की काठ ओलांडतं, पाऊस थांबल्यावर किती वेळ राहतं. तेव्हा ते हटतच नव्हतं, आणि त्याचं कारण तळाशी होतं. जांभा सच्छिद्र, पाणी सहज घेतो, पण वर्षानुवर्षांच्या गाळाने त्याची भोकं बंद झाली होती. मे महिन्यात तो काळा गाळ खरवडून काढला आणि माडांच्या आळ्यात घातला, माडांना ते उत्तम खत झालं. तेव्हापासून पाऊस उघडला की पाणी दीड-दोन दिवसांत जिरतं. गाळ दर उन्हाळ्यात काढावा लागतो, हे काम चुकवून चालत नाही. छपराच्या पन्हळीचं पाणी पाट काढून खड्ड्याकडे आणलंय आणि आत पडायच्या आधी एक छोटी डोण केलीय, तिच्यात माती-पाला अडतो. उताराच्या बाजूला काठाला वीतभर खाच ठेवून सांडवा केला, जास्तीचं पाणी तिथून पऱ्यात, म्हणजे ओहोळात, जातं.

मग झाडं. इथे लोक फार घोळ घालतात, नर्सरीत जाऊन सुंदर दिसेल ते उचलून आणतात. खोलगट जागेत उंचीप्रमाणे झाडं लावायची असतात. अगदी तळाला, जिथे पाय ओले राहतात, तिथे अळू, वेखंड, कर्दळ आणि सोनटक्का. सोनटक्का गणपतीच्या सुमाराला फुलतो आणि संध्याकाळी मागीलदार उघडलं की वास थेट माजघरात येतो. मधल्या पायरीवर हळद, म्हणजे पातोळ्यांना पानं घरचीच. केळही तिथेच, तिला ओल हवी पण साचलेलं पाणी नको. वरच्या काठावर गवती चहा, अबोली, आणि पोफळीवर मिरीचा वेल. आलं तळाला लावू नका, कुजतं. पपई तर खड्ड्याच्या आसपासही नको, तिच्या मुळांना चार दिवस पाणी लागलं की संपली.

पायऱ्या जुन्याच आहेत. फक्त चढ-उतार करायला एका बाजूला चिरे बसवून नीट पावठण्या केल्या आणि गडग्याच्या सावलीत चिऱ्याचाच एक कट्टा. मे महिन्यात दुपारी घरात पंख्याखाली बसवत नाही तेव्हा आम्ही तिथे बसतो. जमिनीच्या खाली असल्यामुळे आणि केळीची सावली असल्यामुळे तिथे गारवा असतो. भाऊजींची नातवंडं सुट्टीत दिवसभर तिथेच असतात. आणि विहीर, जी पूर्वी एप्रिल सरताना तळ गाठायची, ती आता घर पाहुण्यांनी भरलेलं असतानाही पुरते.

आपल्याकडे खाली उतरत जाणारी जागा कुणाला कधी लाजिरवाणी वाटली नव्हती. साताऱ्याजवळ लिंब गावातली बारामोटेची विहीर बघून या. पायऱ्या उतरत खाली गेलं की सगळा थाट खालीच आहे. गावोगावच्या बारवांतही तेच. सपाट म्हणजे सुंदर हे वेड आपल्यात पेव्हर ब्लॉकबरोबर आलंय.

आणि ज्यांना गावचं उदाहरण पटत नाही त्यांच्यासाठी परदेशातलं. कॅनडात व्हिक्टोरिया शहराजवळ बुचार्ट गार्डन्स म्हणून बाग आहे. तिथल्या बुचार्ट कुटुंबाचा सिमेंटचा कारखाना होता, त्यासाठी चुनखडीची खाण खणली होती. खाणीतला दगड संपल्यावर घरच्या बाईंनी, जेनी बुचार्ट यांनी, त्या भल्यामोठ्या खड्ड्यातच बाग करायला घेतली. १९२१ पर्यंत ती पुरी झाली आणि आज जगभरातून माणसं ती बघायला जातात. भाऊजी मुलाकडे गेले होते तेव्हा तीही बघून आले. घरच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पाडला, "स्वर्ग आहे स्वर्ग" असं लिहिलं. मी तिथेच विचारलं, की तिथल्या बाईने खाण ठेवली तर स्वर्ग, आणि तुमच्या वडिलांनी घामाने खणलेली खाण मात्र घराची शोभा घालवते, हे कसं? त्याला उत्तर आलं नाही. यंदा मे महिन्यात मात्र पेव्हर ब्लॉकचे नवे दर घेऊन आले होते. भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. तेच पैसे गडग्याच्या डागडुजीला द्या, तो खरंच पडायला आलाय.

तुमच्या जागेबद्दल आता. एक पावसाळा बघा, तेवढा धीर नसेल तर खड्ड्याच्या तळाशी हातभर खोल भोक घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरून बघा. दुसऱ्या वेळचं पाणी दिवसभरात उतरलं तर वर सांगितली तशी बाग होईल. आठवडा झाला तरी हललं नाही तर सरळ तळं करा, कमळ लावा आणि गप्पी मासे सोडा. डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे पाणी एकतर दोन-तीन दिवसांत जिरलं पाहिजे नाहीतर त्यात मासे पाहिजेत. मधलं काही चालणार नाही. गप्पी माशांसाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

मी सांगितलं ते जांभ्याचं आहे. देशावर काळी माती असेल तर ती पाणी धरून ठेवते, फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथे तळाशी चर खणून खडी भरावी लागेल आणि पाणी बाहेर काढायला वाट द्यावी लागेल. खड्डा घराच्या जोत्यापासून दहा फुटांच्या आत असेल तर तिथे पाणी जिरवूच नका, पाणी दुसरीकडे वळवा आणि खड्ड्यात फक्त पायऱ्या-कट्टा करा. कंपाउंडच्या भिंतीच्या पायाशीही नको. खड्ड्याशेजारी सेप्टिक टँक किंवा शोषखड्डा असेल तर अळू-हळद असलं खाण्यातलं काहीही लावू नका, नुसती कर्दळ लावा. घरात रांगतं मूल असेल तर काठाला कुंपण आधी, बाग नंतर. अळवात आणि दगडांच्या फटीत साप येतात, त्यामुळे पायवाट मोकळी ठेवा आणि रात्री बॅटरीशिवाय उतरू नका.

गाव तुम्ही लिहिलेलं नाही. माती काळी की लाल, उतार कुठल्या बाजूला आणि ऊन किती वेळ येतं एवढं कळवा, मग झाडं नेमकी सांगते.