दोन प्रयोगांमधले दिवस

प्रश्न : मी १८ वर्षांची आहे. शाळेत असल्यापासून नाटकात काम करते. तालमी सुरू असल्या की सकाळपासून अंगात हुरूप असतो. प्रयोग संपला की मात्र आठ-दहा दिवस मी कुणीच नाही असं वाटत राहतं. आई म्हणते, एवढं मनाला लावून घेणाऱ्या मुलीला हे क्षेत्र झेपायचं नाही. मी खरंच कलाकार आहे, की मला नुसतं दुसरं कुणीतरी व्हायला आवडतं? नाटकाचं पूर्णवेळ शिक्षण घेऊ, की मानसशास्त्रात पदवी करू?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी शेवटचा प्रश्नच डोळ्यांत भरला. दुसऱ्या वेळी त्या आठ-दहा दिवसांपाशी थबकले, आणि तिथूनच उत्तराला सुरुवात करते.

महिना-दीड महिना ठरलेल्या वेळी ठरलेली माणसं भेटतात. तू आली नाहीस तर काम अडतं. चुकलीस तर लगेच कुणीतरी सांगतं, जमलं तर समोरून टाळी येते. प्रयोगाच्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. आणि दुसऱ्या दिवशी यातलं काहीच उरलेलं नसतं. शरीर दमलेलं, सोबत पांगलेली, दिवसाला आकार नाही. मग रितं वाटणारच. त्यावरून तू कलाकार ठरत नाहीस आणि तुला हे झेपणार नाही असंही ठरत नाही. एवढं मात्र बघ : हे दोन आठवड्यांच्या पुढे लांबलं, झोप किंवा जेवण बिघडलं, कशातच मन लागेना, तर सरळ डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. 'कलावंताचा स्वभाव' म्हणून ते अंगावर काढू नकोस.

आता 'दुसरं कुणीतरी होण्या'बद्दल. तू हे एखादी चोरी कबूल करावी तसं लिहिलंयस. नटाने भूमिकेत किती हरवावं हा वाद फार जुना आहे. फ्रेंच विचारवंत दिदरो याने अठराव्या शतकात लिहून ठेवलं की भावनेच्या भरात खेळणारा नट एक दिवस रंगतो आणि दुसऱ्या दिवशी फिका पडतो. थंड डोक्याने निरीक्षण करणाराच रोज सारख्या ताकदीने उभा राहतो. (ते छापलं गेलं १८३० साली, तो गेल्यानंतर.) त्याचं सगळं मला पटत नाही. पात्राचं दुःख नटाला शिवलंच नाही, तर प्रेक्षकाला ते बरोबर कळतं. पण भूमिकेत शिरण्याइतकंच तिच्यातून बाहेर येणंही शिकावं लागतं, आणि हौशी नाटकात हे दुसरं शिक्षण सहसा कुणी देत नाही.

एकदा एका ज्येष्ठ नटांच्या रंगपटात मी प्रयोगानंतर बसले होते. भूमिका म्हाताऱ्या, खचलेल्या बापाची होती. आत आल्यावर ते कुणाशी बोलले नाहीत. तेलात भिजवलेल्या कापसाने मिशीची कड हळूहळू सोडवली, मिशी डबीत ठेवली, झाकण लावलं. कोट हँगरला अडकवला आणि त्याच्या खिशातलं नाटकातलं पत्र काढून टेबलावर ठेवलं. तोंड धुतलं. मग स्वतःचं घड्याळ हातावर चढवलं आणि घरी फोन लावून विचारलं, "प्लंबर येऊन गेला का?" त्या एका वाक्यात त्यांचा आवाज वीस वर्षांनी तरुण झाला. रोज असंच करतात, हे मला नंतर कळलं. नाट्योपचार करणारेही सत्र संपताना हेच मुद्दाम करून घेतात : वस्तू जागेवर ठेवा, स्वतःचं नाव मोठ्याने घ्या. तूही तुझा असा क्रम ठरव. गडबडीत मेकअप पुसून सगळ्यांबरोबर फोटो काढायला धावलं, की भूमिकेतली ती बाई तुझ्याबरोबर घरी येते.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. नट, नर्तक, वादक, कुणाच्याही आयुष्यातले रंगमंचावरचे तास मोज. फार थोडे भरतील. बाकी सगळे मधले दिवस. तू हे क्षेत्र निवडशील तेव्हा मुख्यतः ते दिवस निवडशील. टाळ्यांच्या रात्री सगळ्यांनाच झेपतात गं.

लिऑन फ्लायशर या अमेरिकन पियानोवादकाची गोष्ट मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना नेहमी सांगते. छत्तिशीच्या आसपास, १९६४च्या सुमाराला, त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप आत वळायला लागली. इतकं नाव झालेला माणूस, पार कोसळला. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की आपलं नातं संगीताशी आहे, दोन हातांनी वाजवणं हा त्यातला एक भाग. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या एका वादकासाठी फ्रेंच संगीतकार राव्हेल याने लिहिलेली रचना होती. तशा डाव्या हाताच्या रचना तो वाजवू लागला, वाद्यवृंदाचं संचालन केलं, विद्यार्थी घडवले. तीसेक वर्षांनी उपचारांमुळे उजवा हात बऱ्यापैकी परत आला. मधली तीस वर्षं तो संगीतातच होता.

म्हणून पुढचा प्रयोग झाला की तीन महिने एक गोष्ट करून बघ. भूमिका घेऊ नकोस, पण तालमीला जा. प्रॉम्प्टिंग कर, प्रकाशयोजना करणाऱ्याच्या शेजारी बस, नेपथ्य उचल. घरी रोज तासभर आवाजाचा रियाज आणि एखादी संहिता मोठ्याने वाचणं. तुला बघायला कुणी नसताना पाय आपोआप तालमीकडे वळले, तर तुझं उत्तर तुला मिळालं. नाही वळले, तर नाटक हौस म्हणून मनापासून कर, त्यात काही कमी नाही.

मात्र 'मी कलाकार आहे का' हा प्रश्न तालमीत नेऊ नकोस. टेरेसा अमाबिले या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ साली ७२ लिहित्या तरुणांवर एक प्रयोग केला. काहींना लिहिण्यामागची बाहेरची कारणं, म्हणजे नाव, पैसा, कौतुक वगैरे, क्रमाने लावायला सांगितली. काम पाच मिनिटांचं. पण त्यानंतर त्यांनी लिहिलेल्या कविता परीक्षकांना फिक्या वाटल्या. लिहिण्यातल्या आनंदाची कारणं लावणाऱ्यांचं तसं झालं नाही. तुझा प्रश्नही लक्ष कामावरून असंच नावाकडे वळवतो. पाच मिनिटांनी एवढं होत असेल, तर तू महिनोन्‌महिने स्वतःला तपासत बसलीस तर काय होईल?

शिक्षणाबद्दल माझं मत : आत्ता मानसशास्त्राला प्रवेश घे आणि नाटक सोडू नकोस. कित्येक नाट्यप्रशिक्षण संस्थांत तसाही पदवीनंतरच प्रवेश मिळतो. हेच पत्र नृत्य करणाऱ्या मुलीचं असतं तर मी वेगळं लिहिलं असतं, तिथे शरीर वाट बघत नाही. अभिनय वाट बघतो. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घसा तज्ज्ञ होते. व्यवसाय सांभाळून वर्षानुवर्षं हौशी रंगभूमीवर काम करत राहिले आणि १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नाटकाकडे आले. मधल्या वर्षांत त्यांनी नाटक सोडलेलं नव्हतं, हे विसरू नकोस.

आणि आईला पुढच्या वेळी तालमीला घेऊन जा. प्रयोग तिने पाहिलेत, आणि त्यानंतरचे तुझे दिवसही. एकच प्रवेश वीस वेळा करताना, पाठ चुकल्यावर परत विंगेत जाऊन पहिल्यापासून येताना तिने तुला कधी पाहिलेलं नाही. तुला काय झेपतं ते तिला तिथे दिसेल.