वाचक विचारतात: कानाझावाला पास नको, छत्री हवी

प्रश्न (रत्नागिरी): दिवाळीनंतर आम्ही दोघे, साठी ओलांडलेले, जपानला जातोय. टोकियोत उतरून कानाझावा, तिथून ओसाका आणि परत टोकियो. सगळे सांगतात, सात दिवसांचा रेल्वे पास घ्या. घ्यावा का?

उत्तर: घेऊ नका. ऑक्टोबर 2023 मध्ये हा पास 29,650 वरून 50,000 येनांवर गेला आणि हिशेबच उलटला. टोकियो ते कानाझावा साधारण 14-15 हजार येन, कानाझावा ते ओसाका साडेनऊ हजारांच्या आसपास, ओसाका ते टोकियो पुन्हा 14-15 हजार. बेरीज 40 हजारांच्या आतच राहते. त्यात पास असला तरी ओसाका-टोकियो मार्गावरच्या सगळ्यात वेगवान 'नोझोमी' गाडीला वेगळे पैसे पडतात.

होकुरिकू शिनकानसेन, म्हणजे या बाजूची बुलेट ट्रेन, कानाझावापर्यंत 2015 मध्ये आली. तिच्यावरची 'कागायाकी' गाडी टोकियोहून अडीच तासांत पोहोचवते, पण तिचे सगळे डबे आरक्षित. तिकीट राहिलेच, तर 'हाकुताका' पाहा, तिला अनारक्षित डबे असतात. वाटेत समुद्र दिसेल म्हणून खिडकीसाठी अडून बसू नका. कोकण रेल्वेसारखेच इथेही बोगदे फार.

खरी गडबड ओसाकाच्या टप्प्यात होते. जुन्या माहितीत कानाझावा-ओसाका थेट 'थंडरबर्ड' लिहिलेली सापडेल. मार्च 2024 मध्ये शिनकानसेन पुढे त्सुरुगा शहरापर्यंत वाढली आणि ती थेट गाडी बंद झाली. आता 'त्सुरुगी' या शिनकानसेन गाडीने त्सुरुगाला जायचे, तिथे तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर उतरून 'थंडरबर्ड' धरायची. मध्ये आठ-दहा मिनिटेच मिळतात. मोठ्या बॅगा घेऊन लिफ्टच्या रांगेत उभे राहिलात, तर गाडी चुकलीच म्हणा. बॅगा आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरून 'टाक्क्युबिन' या सामान पोहोचवणाऱ्या सेवेने पुढच्या हॉटेलवर धाडा, हातात एकेक पिशवी ठेवा. अदलाबदलीच्या फाटकात सगळी तिकिटे एकदम घालायची आणि पलीकडून आठवणीने उचलायची.

शहरातल्या बसमध्ये मागून चढतात, उतरताना पुढे पैसे टाकतात. पेटी सुटे परत देत नाही. बसमधल्या यंत्रात हजाराची नोट मोडून घ्या, दहा हजाराची मोडत नाही.

प्रश्न (सावंतवाडी): सोन्याचा वर्ख कानाझावातच का? लाखकामाच्या गावची म्हणून विचारते.

उत्तर: जपानचा जवळजवळ सगळा वर्ख इथेच होतो, क्योतोच्या सुवर्णमंदिरावरचाही इथलाच. वर्ख मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका पातळ. कोरड्या हवेत स्थिर वीज साठली की तो कागदाला चिकटून फाटतो. कानाझावाची दमट हवा ते टाळते. पण कारागिराला विचाराल तर तो कागदाचे नाव आधी घेईल. पेंढ्याच्या राखेचे पाणी, कच्च्या पर्सिमन फळाचा तुरट रस आणि अंडे यांत मुरवलेल्या वाशी या जपानी कागदाच्या थप्पीत सोने ठेवून ते ठोकतात. कागद बिघडला तर सोने कितीही चांगले असो, उपयोग नाही. हे कौशल्य 2020 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, लाकडी वास्तू जतन करण्याच्या कलांबरोबर.

हिगाशी चाया भागात तासाभरात वर्ख लावून पाहता येतो. बोट लावू नका, बांबूचा चिमटाच वापरा. वर्ख लावलेले आइस्क्रीम फोटोपुरते. सोन्याला चव नसते.

प्रश्न (देवगड): कानाझावाच्या केनरोकुएन बागेत झाडांना दोर बांधतात, ते नोव्हेंबरमध्ये दिसतील का?

उत्तर: दिसतील. 1 नोव्हेंबरला कारासाकी पाइन या झाडापासून सुरुवात होते, मार्चच्या मध्यापर्यंत दोर राहतात. जपानच्या समुद्राकडचा बर्फ ओला आणि जड. आडव्या फांद्या त्या भाराने मोडतात. म्हणून खोडाशेजारी उंच खांब रोवून त्याच्या शेंड्यापासून प्रत्येक फांदीला दोर. कारासाकीच्या एका झाडालाच पाच खांब आणि सुमारे आठशे दोर लागतात.

तिथले कारंजे मात्र चुकवू नका. पंप नाही, वरच्या कासुमिगाइके तळ्याच्या दाबावर ते साडेतीन मीटर उडते. तळ्याला पाणी 1632 च्या तात्सुमी पाटाचे. बाग हिवाळ्यात आठला उघडते, तेव्हाच जा. छत्री न्याच. 'डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका' असे कानाझावाकरच म्हणतात आणि नोव्हेंबरपासून तिथे पावसाचेच दिवस.