मुलांना घेऊन राहायला पर्वरी कशी आहे?

नोकरी पणजीत, मुलं लहान, तेव्हा पणजीजवळच्या शांत पर्वरीत फ्लॅट घ्यावा की किनाऱ्यावरच्या कळंगुटकडे घेऊन पुढे पर्यटकांना भाड्याने द्यावा, असं तुम्ही विचारलंय. पर्वरीत घ्या. कळंगुटचा विचार डोक्यातून काढून टाका.

आम्ही आल्तो पर्वरीत, हमरस्त्यापासून आत राहतो. घर घेतलं तेव्हा माझे थोरले दीर म्हणाले, "पठारावर काय ठेवलंय? समुद्राजवळ घेतला असता तर दिवसाच्या भाड्यावर हप्ते फिटले असते." अजूनही दर चवथीला गणपतीवर फळा-भाज्यांची माटोळी बांधताना हेच ऐकते.

आमच्या तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात. मुलगा परदेशात. ग्रिलला कापडी पिशवी टांगून ठेवतात, पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, येतो, त्यात पोयी (इथला पाव) टाकून पुढे जातो. एका सकाळी पिशवी नव्हती. त्याने पों-पों केलं, दार ठोठावलं, मग सायकल फाटकाशीच सोडून वर आला आणि माझी बेल दाबली. "आजींची पिशवी नाही आज," एवढंच म्हणाला. चावी समोरच्या काकींकडे असते. दार उघडलं तर आजी न्हाणीत पडलेल्या, शुद्धीवर होत्या, पण उठता येईना. १०८ बोलावली, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. आता वॉकर घेऊन अंगणात फिरतात, मुलांना ओरडतातही.

दर शुक्रवारी नवी माणसं बॅगा ओढत येतात त्या बिल्डिंगमध्ये ती पिशवी कोणाच्या लक्षात आली असती? दिरांनी याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

इथली वस्ती मुळात नोकरदारांची. सचिवालय इथेच, २००० पासून विधानसभाही. बँकवाले, शिक्षक, निवृत्त मंडळी, सगळी बारा महिने राहणारी. संध्याकाळी मुलं गल्लीत सायकली फिरवतात आणि कोणाचं पोर कोणाचं हे सगळ्यांना माहीत असतं. कामाला पणजीत जायला मांडवी नदीचा पूल ओलांडला की झालं. १९८६ मध्ये जुना पूल कोसळला तेव्हा लोकांना फेरीबोटीचाच आधार होता. २०१९ पासून मांडवीवर अटल सेतूही आहे.

हो, उन्हाळ्यात पाण्याची बोंब असते, टाकी केवढी आहे ते आधी बघा. महामार्गावर उड्डाणपुलाच्या कामाने धूळ आणि खोळंबा दोन्ही भरपूर, म्हणून रस्त्याला लागून घेऊच नका. दर मी सांगत नाही, ते एजंट सांगेल. घर बघायला मात्र रविवारी दुपारी जाऊ नका, शाळेच्या दिवशी सकाळी जा. किती दारांतून दप्तरं बाहेर पडतात ते मोजा. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना सरळ विचारा, इथे दिवसाच्या भाड्याने फ्लॅट देतात का? "एखाद-दुसरा देतात" म्हणाले, तरी टोकन देऊ नका.