डिझेल गाडीचा इंजेक्टर लीक आहे हे कसे ओळखावे, आणि त्यासाठी चारही इंजेक्टर बदलावेच लागतात का?

आपण लिहिले आहे की सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, बॉनेट उघडले की डिझेलचा वास येतो, आणि गॅरेजवाल्यांनी काहीही उघडून न पाहता चारही इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारे भाग, बदलण्याचा खर्च सांगितला आहे. मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात नोझल (इंजेक्टरचे फवारा सोडणारे टोक) तपासणीच्या विभागात सव्वीस वर्षे काढली. मोजमाप न करता इंजेक्टरला दोषी ठरवलेले मला सहन होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘इंजेक्टर लीक आहे’ या एका वाक्याखाली निरनिराळे चार दोष दडलेले असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. रिटर्नच्या, म्हणजे उरलेले डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या, बारीक नळीचा सांधा किंवा त्यातली रबरी रिंग गेली, तर डिझेल बाहेर झिरपते आणि वास येतो. हे काम अगदी किरकोळ खर्चाचे आहे. इंजेक्टरच्या बुडाशी असलेला तांब्याचा वायसर नीट बसला नाही, तर सिलिंडरमधला जळका वायू वर येतो, इंजिनाच्या गतीबरोबर ‘चिक-चिक’ असा आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखी काजळी साचते. इंजेक्टरच्या आतला व्हॉल्व्ह झिजला, तर डिझेल नोझलकडे जाण्याऐवजी रिटर्नमधून टाकीत परत जाते आणि रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जास्त दाबाच्या नळीत, दाबच तयार होत नाही. सेल्फ मारताना हा दाब साधारण दोनशे बारच्या आसपास पोहोचल्याशिवाय ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंजेक्टर उघडत नाही, म्हणून सेल्फ नुसता फिरत राहतो. चौथा दोष सर्वांत वाईट. नोझलची सुई सीटवर घट्ट बसत नाही आणि सिलिंडरमध्ये थेंब गळतात, मग इंजिन ठोकते, धूर येतो, ऑइलमध्ये डिझेल उतरून डिपस्टिकवरची पातळी वाढते आणि दुर्लक्ष केले तर पिस्टनला भोक पडते.

आता माझ्या मेहुण्यांच्या गाडीची हकीकत सांगतो, कारण तिची सुरुवात अगदी आपल्या गाडीसारखीच झाली होती. ते निफाडला राहतात आणि पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचा व्यापार करतात. जानेवारीत निफाडला जी थंडी पडते ती नाशिककरांना ठाऊक आहे. त्या थंडीत त्यांची डिझेल हॅचबॅक सकाळी सुरू होईना. एका गॅरेजने स्कॅनर लावला, रेलचा दाब कमी असल्याचा कोड आला, आणि त्या एका कोडवरून चारही इंजेक्टर नवे टाकायचे ठरले. मी फोनवर त्यांना म्हटले की आधी चारही इंजेक्टरचा रिटर्न मोजून घ्या, अर्ध्या तासाचे काम आहे. त्यांनी उत्तर दिले, “दाजी, तुमचं मोजमाप कारखान्यात ठीक आहे, मला सोमवारी गाडी रस्त्यावर पाहिजे.” बहात्तर हजारांचे बिल झाले. माझे एवढे मात्र त्यांनी ऐकले की जुने चारही इंजेक्टर डब्यात घालून परत आणले.

तीन आठवडे गाडी उत्तम चालली. मग चढावर आवाज येऊ लागला आणि एसी लावला की आत जळका वास येऊ लागला. गॅरेजने इंजिनाच्या माउंटिंगवर संशय घेतला आणि तेही बदलले, पण आवाज गेला नाही. एका रविवारी मेहुणे गाडी घेऊन माझ्या दारात आले. वरचे प्लॅस्टिकचे झाकण काढताच तीन नंबरच्या इंजेक्टरभोवती काळी, कडक, चकाकणारी काजळी दिसली. स्क्रू ड्रायव्हरने टोचली तर तिचे कपचे निघत होते. त्यात गंजकाट सोडवणारे तेल रात्रभर मुरू दिले आणि दुसऱ्या दिवशी इंजेक्टर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत वर काढला. बरोबर एक वायसर आला. दाताच्या डॉक्टरांचा असतो तसा छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन मी त्या भोकात पाहिले, तर खाली सीटवर आणखी एक वायसर चिकटून बसलेला होता, काळा पडलेला आणि दाबून चपटा झालेला. जुना वायसर हेडमध्येच ठेवून त्यावर नवा घातला होता. त्यामुळे नवा कोरा इंजेक्टर दीड-दोन मिलिमीटर वर बसला, डिझेलचा फवारा पिस्टनमधल्या वाटीत जिथे पडायला हवा तिथे पडेनासा झाला आणि दोन वायसरांमधून वायू सुटू लागला.

तो जुना वायसर काढायला मला जवळजवळ दोन तास लागले. नोझलच्या छिद्रातून कचरा सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून आधी ग्रीस लावलेल्या कापडाच्या वळीने छिद्र बंद केले, मग वायसरमध्ये टॅप (आटे पाडायचे हत्यार) अडकवून तो सरळ वर ओढला, सीट कटर हाताने अगदी हलका फिरवून सीट उजळ केली आणि सगळा चुरा काढल्यावरच कापड बाहेर घेतले. योग्य जाडीचा एक नवा वायसर आणि क्लॅम्पचा नवा बोल्ट घालून टॉर्क पान्याने आवळल्यावर आवाज पूर्ण बंद झाला.

त्यानंतर तो डबा घेऊन मी ओळखीच्या एका पंप-नोझलवाल्याकडे गेलो आणि चारही जुने इंजेक्टर टेस्ट बेंचवर, म्हणजे तपासणीच्या यंत्रावर, लावून घेतले. दोन नंबरचा रिटर्न बाकीच्या तिघांच्या चौपट निघाला. ते तिघे सर्व कसोट्यांत मर्यादेच्या आत होते. म्हणजे जो दोष एका इंजेक्टरमध्ये होता त्यासाठी चार विकत घेतले गेले, आणि बसवताना नवा दोष घातला गेला. मेहुणे अजूनही म्हणतात की एक गेला की बाकीचे जाणारच. मला हे मान्य नाही. नोझलची सुई आणि तिचे घर यांच्यात दोन ते चार मायक्रॉनची फट असते, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. ही सुई दुसऱ्या घरात चालत नाही, इतकी त्यांची जोडी जुळवून लावलेली असते. जुन्या पद्धतीच्या नोझलला आम्ही टेस्टरवर उघडण्याच्या दाबापेक्षा वीस बार कमी दाब देऊन दहा सेकंद धरत असू, आणि तेवढ्या वेळात टोकावरून थेंब पडला तर ते नोझल नापास होई. एवढ्या निगुतीने तयार झालेली वस्तू केवळ शेजारची बिघडली म्हणून भंगारात टाकणे मला पटत नाही.

आपल्या गाडीत सकाळची तक्रार आणि वास दोन्ही आहेत, त्यामुळे मी आधी रिटर्नच्या नळ्या कोरड्या पुसून इंजिन चालू करून ओल कुठे येते ते पाहीन. मग डिझेल फिल्टरकडून येणाऱ्या नळीत पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बुडबुडे येतात का ते पाहीन, कारण हवा ओढली जात असेल तरी लक्षणे हीच असतात. थंडीपुरतीच तक्रार असेल तर ग्लो प्लगही (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) तपासावेत. त्यानंतर रिटर्नची चाचणी करावी: चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सलाइनसारख्या पारदर्शक नळ्या लावून त्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजेक्टरांपासून सोडवलेल्या, टाकीकडे जाणाऱ्या रिटर्नच्या नळीचे मोकळे तोंड बुच मारून बंद करायचे, आणि काही मिनिटे इंजिन चालवून कोणती बाटली जास्त भरते ते पाहायचे. इंजिन सुरूच होत नसेल तर सेल्फ मारतानाही फरक दिसतो. आपल्या गाडीत पिझो प्रकारचे (विजेने आकार बदलणाऱ्या स्फटिकावर चालणारे) इंजेक्टर असतील तर मात्र हे करू नका, कारण त्यांना रिटर्नमध्ये ठरावीक दाब लागतो.

जास्त दाबाच्या पाइपवरची गळती कधीही हाताने चाचपू नका. त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत घुसते, वरून टाचणी टोचल्याएवढे दिसते आणि आत मांस सडते. असे झाले तर दुखत नसले तरी त्याच तासाला शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जावे. इंजिन बंद केल्यावर पाइप सोडण्यापूर्वी काही मिनिटे थांबावे आणि उघडलेले प्रत्येक तोंड लगेच स्वच्छ टोपीने झाकावे.

चारही बदलणे योग्य ठरते अशाही वेळा असतात, हे मला सांगितले पाहिजे. टाकीत पाणी किंवा भेसळीचे डिझेल जाऊन आत गंज आला असेल, किंवा गाडी खूप चाललेली असून चारही बाटल्या सारख्याच जोरात भरत असतील, तर एकेक बदलत बसण्यात अर्थ नाही. पण तेव्हाही चारही बाटल्यांचे मोजमाप समोर असते. दोषी इंजेक्टर एकच असेल तर तो आधी बेंचवर दाखवावा; झिजलेला व्हॉल्व्ह किंवा नोझल बदलून पुष्कळदा तो वापरता येतो. नवा टाकला तर त्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये भरून घ्यावा, आणि इंजेक्टर एका सिलिंडरमधून दुसऱ्यात हलवला तरीही तेच करावे.

गॅरेजमध्ये काम करून घेणार असाल तर उभे राहून पाहा, आणि काढलेले इंजेक्टर परत घेताना त्यांच्याबरोबर जुने वायसरही मोजून घ्या. जितके इंजेक्टर निघाले तितके वायसर हातात आल्याशिवाय नवे बसवू देऊ नका.