पदवी नाही, नैराश्य भोगलंय: संशोधनात माझं काय काम?

नैराश्यातून सावरून तुम्हाला दोन वर्षं झाली. आता पुण्यातल्या एका संशोधन गटाने सल्लागार म्हणून बोलावलंय. पदवी नसताना तिथे बोलायचं काय आणि जुनं सगळं उकरलं जाईल का, असं तुम्ही विचारलंय. मी सहा वर्षं अशा बैठकांना जातेय. आजाराचे दोन मोठे झटके भोगलेत, गोळ्या अजून चालू आहेत. माझं मत, जरूर जा.

पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य किती आहे हे मोजायची प्रश्नावली, तुम्हीही कधीतरी भरली असेल. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. सातवा प्रश्न लक्ष लागण्याबद्दल आहे आणि उदाहरण दिलंय पेपर वाचण्याचं किंवा टीव्ही बघण्याचं. मी आजारी असताना पेपर हातात घेतच नव्हते, पण आमटीत मीठ दोनदा पडायचं. पहिल्या प्रश्नात कामात रस वाटतो का, हे विचारतात. मी बैठकीत म्हटलं, आमच्याकडची बाई यावर म्हणेल, "रस कसला, करावंच लागतं." ती डबे भरते, धुणं-भांडी उरकते आणि आतून पार विझलेली असते. कागदावर मात्र तिला शून्य गुण, म्हणजे काही त्रासच नाही. प्रमाणित प्रश्नावलीचे शब्द आपल्या मनाने बदलता येत नाहीत, म्हणून मुलाखत घेणाऱ्यांच्या प्रशिक्षणात आम्ही जास्तीचा प्रश्न घातला: "पूर्वी काय केलं की बरं वाटायचं? आता तेच केल्यावर कसं वाटतं?" हा प्रश्न सुचायला पदवी लागली नाही.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या डायना रोझ आणि सहकाऱ्यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. तीव्र नैराश्यात ईसीटी, म्हणजे लोक ज्याला 'शॉक' म्हणतात ते उपचार देतात. रुग्णांना त्याबद्दल काय वाटतं, यावर तोवर झालेले अभ्यास त्यांनी एकत्र तपासले आणि २००३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष मांडले. लेखकांपैकी दोघांनी स्वतः ईसीटी घेतलेली होती. डॉक्टरांनी केलेल्या अभ्यासांत समाधानी रुग्ण जास्त दिसत होते, रुग्णांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबतीने केलेल्या अभ्यासांत कमी. त्यांनी कारण शोधलं, तर डॉक्टरांच्या अभ्यासांत उपचार संपल्यावर लगेच विचारलेलं, मोजकेच प्रश्न आणि विचारणारे बहुधा उपचार करणारे डॉक्टरच! अशा वेळी आपण "बरं आहे" म्हणूनच सुटतो ना? किमान एक तृतीयांश रुग्णांनी आठवणी कायमच्या गेल्याचं सांगितलं होतं. ईसीटीने सावरलेली माणसं मी पाहिली आहेत, माझा तिला विरोध नाही. पण कोण विचारतं आणि कधी विचारतं, यावर उत्तर फिरतं, हे भोगलेल्या माणसाला चटकन कळतं.

पुण्यात तर ही वाट आधीच मळलेली आहे. दिवंगत भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये इथेच बापू ट्रस्ट ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था सुरू केली. त्या स्वतःची ओळख 'सर्व्हायव्हर', म्हणजे हे सगळं सोसून तरलेली, अशीच देत आणि संशोधकही होत्या.

आता जपण्याच्या गोष्टी. मला पहिल्यांदा एका गटाने बोलावलं, व्यासपीठावर माझी कहाणी सांगायला लावली, टाळ्या झाल्या. प्रश्नावल्या मात्र आधीच छापून बाजूच्या टेबलावर रचलेल्या होत्या. तो राग अजून गेलेला नाही. त्यामुळे पहिल्याच फोनवर विचारा, "आराखडा पक्का झालाय का? माझ्या सांगण्याने त्यात काय बदलू शकतं?"

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार संशोधनात सहभागी होणाऱ्या रुग्णाची संमती घ्यावी लागते आणि ती त्याला कधीही मागे घेता येते. सल्लागार मात्र 'सहभागी' धरला जात नाही. म्हणून नाव कुठे छापलं जाईल, मधेच थांबता येईल का आणि मानधन-प्रवासखर्च किती, हे लेखी घ्या. पैशांचं बोलायला संकोचू नका, बाकीचे सगळे तिथे पगारावर बसलेले असतात. गोळ्यांमुळे सकाळी जड वाटत असेल तर बैठक अकरानंतर ठेवायला सांगा. आणि नवव्या, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नावर कोणी 'हो' म्हटलं तर त्याच दिवशी त्या माणसाशी कोण बोलणार, हे विचाराच. नुसता १४४१६ हा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर हातात देणं मला पुरेसं वाटत नाही.

जुनं उकरलं जातं, हे खरं आहे. एकदा दुसऱ्यांच्या मुलाखती वाचून मी तीन रात्री झोपले नव्हते. पुढची बैठक सोडली आणि माझ्या डॉक्टरांना भेटून आले. बैठक सोडायची मुभा आधीच लिहून घेतली होती, त्यामुळे कोणी कारण विचारलं नाही. तुमच्या डॉक्टरांच्या किंवा समुपदेशकाच्या कानावरही आधी घाला.

पहिल्या बैठकीआधी प्रश्नावली मागवून घ्या आणि पेन्सिल घेऊन निवांत बसा. आजारात असताना ज्या प्रश्नाला तुम्ही खोटं उत्तर दिलं असतं, तिथे खूण करा. बोलायला सुरुवात तिथूनच करा.