पार्ल्याचा फ्लॅट तारण ठेवू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितोय. मुलाची बारावी झाली, सॅक्सोफोन चांगला वाजवतो, बॉस्टनला जॅझच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला आणि निम्म्या ट्यूशन फीची शिष्यवृत्तीही. उरलेल्या पैशांसाठी पार्ल्याचा फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढावं का, आणि तो तिकडे एकटा पडेल का, असं तुम्ही विचारलंत. मी गिरगावातला. नेदरलँड्सला रॉटरडॅममध्ये डबल बास (उभं राहून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) शिकलो, इथेच राहिलो, आता इथे शिकवतो. व्हिसाचे फॉर्म, फी, बीकेसीतली मुलाखत हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेलं आहे, त्यात शिरत नाही.

आधी शिष्यवृत्तीचं पत्र पुन्हा वाचा. त्यात टक्के लिहिलेत की ठरावीक रक्कम? रक्कम असेल तर ती बहुतेक चारही वर्षं तेवढीच राहते आणि फी मात्र दरवर्षी वाढते. पहिल्या वर्षी निम्मी वाटणारी मदत चौथ्या वर्षी निम्मी राहत नाही. पुढच्या वर्षी ती चालू राहायला किती ग्रेड लागतात, एखादं सत्र आजारपणात गेलं तर काय होतं, हेही विचारून घ्या. आणि ती फक्त ट्यूशनवर आहे. बॉस्टनमधलं राहणं, जेवण, विमा हे सगळं वेगळं, आणि ते शहर महाग आहे. त्यात तुम्ही रुपयात कमावणार. २०१० च्या सुमारास डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये ८५ च्या पुढे गेला. आजच्या भावाने मांडलेला चार वर्षांचा हिशेब चौथ्या वर्षापर्यंत टिकेल असं धरून चालू नका.

दुसरं, कर्ज फेडणार कोण आणि कशातून? अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तासच काम करता येतं. बाहेर क्लबमध्ये पैसे घेऊन वाजवायला वेगळी परवानगी लागते. पदवीनंतर कामासाठी १२ महिने मिळतात. इंजिनिअर मुलांना मिळतात ते वरचे २४ महिने जॅझ परफॉर्मन्सच्या पदवीला मिळत नाहीत. तुमच्या ओळखीतला कुणी एमएस करून तीन वर्षांत कर्ज फेडून मोकळा झाला असेल, तर त्याचं गणित इथे लावू नका.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगतो. माझी शिष्यवृत्तीही अर्धवटच होती. वडील छापखान्यात होते. त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले आणि आईच्या पाटल्या गेल्या. एका शब्दाने त्यांनी मला कधी ते बोलून दाखवलं नाही. पण मी वाजवायला उभा राहिलो की ते पैसे माझ्याबरोबर उभे राहायचे. जॅझमध्ये सोलो घेताना पडायची तयारी लागते. जे येत नाही ते लोकांसमोर वाजवून बघावं लागतं, रात्री एकपर्यंत जॅमला, म्हणजे वादकांच्या आयत्या वेळच्या मैफलीला, थांबावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. मी मात्र जे हमखास जमतं तेच वाजवायचो, कारण नापास होणं मला परवडणारं नव्हतं. वर्गातली बाकीची मुलं रात्री जॅमला जायची तेव्हा मी हॉटेलात भांडी घासायचो. शिक्षक म्हणायचे, तू फार जपून वाजवतोस. आजही माझ्या वाजवण्यात तो जपूनपणा आहे, मला तो ऐकू येतो. वडील गेले, हिशेब तसाच राहिला. मी परत केलेले पैसे ते घ्यायचे नाहीत, माझ्याच नावाने ठेवीत टाकायचे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: घर तारण ठेवू नका. तुमचा मुलगा त्या घराचं ओझं घेऊन सॅक्सोफोन वाजवेल.

मग करायचं काय? पहिलं, कॉलेजला पत्र लिहून जास्त मदत मागा. अमेरिकेत हे सर्रास चालतं, त्यात कमीपणा नाही. आपल्याकडे मागायला जीभ रेटत नाही, मला ठाऊक आहे. घरचं उत्पन्न, रुपयाचा भाव आणि दुसऱ्या कॉलेजाने जास्त देऊ केलं असेल तर ते पत्र, एवढं जोडा. सोबत नवं रेकॉर्डिंग द्या, कारण या शिष्यवृत्त्या मुख्यतः वाजवण्यावर ठरतात. तयार साथीचा ट्रॅक लावून त्यावर वाजवलेला व्हिडिओ पाठवू नका. खरा ड्रमर आणि खरा बासवाला घेऊन एक ब्लूज, एक बॅलड, एक जलद चाल रेकॉर्ड करा. मुंबईत अशी चांगली साथ मिळवायला पैसे पडतात, पण क्लासच्या फीपेक्षा तिथे खर्च करणं मला जास्त पटतं.

दुसरं, त्यांनी नाही म्हटलं तर त्याला तीन वर्षं मुंबईत थांबून पदवी घेऊ द्या. हे ऐकून तो रागावेल. पण मुंबईतल्या ज्या मोठ्या संस्था परदेशी शिक्षणाला हात देतात त्या पदवीधरांना देतात. जे. एन. टाटा एन्डॉमेंट १८९२ पासून आहे, विषयाचं बंधन नाही, पण पदवी हवी, आणि ती कर्जरूपी शिष्यवृत्ती आहे हे अनेकांच्या उशिरा लक्षात येतं. इनलॅक्स या दुसऱ्या संस्थेच्या शिष्यवृत्तीलाही पदवी लागते. लॉस एंजेलिसला हर्बी हॅन्कॉक इन्स्टिट्यूट या जॅझच्या संस्थेत मोजकीच मुलं घेतात, पण त्यांना पूर्ण शिष्यवृत्ती असते. बारावीनंतर लगेच निघालेल्या मुलाला ही बहुतेक दारं बंदच असतात. जर्मनीही बघा. तिथल्या बऱ्याच सरकारी संगीत विद्यापीठांत ट्यूशन नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो लागतात. जर्मन शिकावी लागेल आणि वर्षाच्या खर्चाचे पैसे आधी गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) दाखवावे लागतील. नेदरलँड्सच्या एनएल स्कॉलरशिप या शिष्यवृत्तीवर फार भिस्त ठेवू नका, ते एकदाच, पहिल्या वर्षी, ५,००० युरो.

आणि मुंबईतली तीन वर्षं वाया जात नाहीत. ताज हॉटेलात १९३० च्या दशकातच जॅझ वाजू लागलं. गोव्याच्या वादकांनी ते वाजवलं आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातही नेलं. १९७८ मध्ये धोबीतलावच्या रंगभवनात जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला. पुढे नव्वदच्या दशकात वडील मला तिथे घेऊन गेले होते. ते स्वतः नाट्यसंगीतातले, पण शेवटपर्यंत बसले. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात आजही चांगले कार्यक्रम होतात आणि शिकवणारे जुने वादक शहरात आहेत.

कागदपत्रांचं एकच सांगतो, कारण त्याचा राग माझा अजून गेलेला नाही. मुलाचा जन्मदाखला आजच काढून बघा. माझ्या दाखल्यावर नावाचा रकाना कोरा होता, जन्म झाला तेव्हा बारसं व्हायचं होतं ना! नाव चढवायला एका कार्यालयाने शाळेचा दाखला मागितला, त्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं निघालं, मग प्रतिज्ञापत्र, मग ते ज्या साहेबांनी बघायचं ते रजेवर. त्यानंतर राज्याचं साक्षांकन, मग अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून केंद्राचा शिक्का. बाबा जेवणाच्या सुट्टीत खेटे घालायचे आणि मी बासचे धडे बुडवून रांगेत. इथे आल्यावर नगरपालिकेने वडिलांचं नाव माझ्याच नावात घुसवलं, ते आजतागायत तसंच आहे. दाखला, पासपोर्ट, दहावीची गुणपत्रिका, तिन्हींवर अक्षर न् अक्षर सारखं हवं.

एकटेपणाचं विचारलंत. पहिला हिवाळा जड जातो, मग माणसं भेटतात. वाद्य हातात असलेल्याला ती लवकर भेटतात. त्याची काळजी नको.

काळजी करायचीच असेल तर तो तिथेच राहिला तर काय, याची करा. माझ्या मुलीची गोष्ट सांगतो. इथे अकरा-बारा वर्षांच्या मुलांबद्दल शाळा शिफारस देते, त्यावर पुढचा मार्ग ठरतो: व्यावसायिक शिक्षणाचा, मधला किंवा विद्यापीठाचा. मुलगी हुशार, चाचणीत गुण उत्तम. तरी बाईंनी खालचा मार्ग लिहिला, कारण घरी डच बोलत नाहीत, अभ्यासात मदत कशी होणार. आम्ही घरी मराठी बोलतो हे तिच्या विरुद्ध धरलं गेलं! आम्ही भांडलो, शिफारस एक पायरी वर गेली आणि पुढे ती स्वतःच्या जोरावर विद्यापीठाच्या मार्गावर पोचली. पण त्या दिवशी घरी येताना तिने मला विचारलं, बाबा, आपण मराठी बोलणं बंद करायचं का? मी काहीतरी उत्तर दिलं, पण मला ते पटलेलं नव्हतं आणि खरं उत्तर अजून सापडलेलं नाही.

कॉलेजला लिहायच्या पत्राचा मसुदा आधी मला पाठवा, दोन दिवसांत बघून देतो. रेकॉर्डिंगही पाठवा, कुठली चाल पुढे ठेवायची ते ऐकून सांगेन. प्रवेश कायम करायची मुदत बहुधा जवळ असेल, तेव्हा बँकेत जाण्याआधी हे पत्र जाऊ दे.