स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत नवीन आलास, तर आधी मोबाईल काढ

पुस्तकांची यादी नंतर विचार. टेलिग्रामवर किती ग्रुप आहेत? चाळीस? माझेही सदाशिव पेठेतल्या पहिल्या वर्षी तेवढेच होते. पूर्वपरीक्षा झाली की त्याच रात्री कटऑफचे अंदाज सुरू. पहाटे तीनपर्यंत मी अनोळखी पोरांचे मार्क स्वतःच्या मार्कांशी ताडत बसायचो. दुसऱ्या दिवशी राज्यघटनेचं एकच पान चारदा वाचूनही डोक्यात शिरत नसे. दोन ग्रुप ठेव, बाकीचे सोड. आयोगाचं काही आलं तर ते वेबसाइटवर येतंच.

इन्स्टाग्रामवर निवड झालेल्यांच्या मिरवणुका दिसतील, गुलाल, जेसीबी, सगळं. बॅग भरून गावी परतणाऱ्यांचं रील कोण काढतो? आणि बोट थांबत नाही, यात सगळा आळस तुझाच नाही रे. हा न संपणारा स्क्रोल आझा रास्किन नावाच्या डिझायनरनं २००६ मध्ये बनवला. पुढे त्याचा त्यालाच पस्तावा झाला. तळच नाही, तर थांबणार कुठे? म्हणून मी रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं बघतो, तेही मेसच्या बाहेर उभ्यानं. बसलो की गेलो. झोपताना फोन रूममेटच्या टेबलावर, उशाशी साधं गजराचं घड्याळ.

अ‍ॅप कायमचं उडवायची शपथ घेऊ नकोस, मी तीनदा घेतलीये. आईला व्हिडिओ कॉल मात्र रोज कर, तो यात धरायचा नाही.

झोपच लागेना, जेवण जाईना झालं तर १४४१६ लाव. टेली मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीत बोलतात. मीही लावला होता.